उरलेले साडेतेवीस तास

पूर्व द्रुतगती महामार्ग ठाणं मागे टाकून नाशिकची वाट धरतो आणि घोडबंदर रस्ता त्याच्यापासून फुटतो, तो माजिवडा नाका. 2007 मध्ये इथे महामार्गालगत ज्युपिटर हॉस्पिटल सुरू झालं. पुढच्या काळात घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जसे टॉवर उभे राहिले, तशी लहानमोठी खासगी रुग्णालयंही वाढली. आज डोंबिवलीत पक्षाघाताचा झटका आलेले आजोबा, कल्याणहून गुडघे बदलून घ्यायला आलेल्या काकू, महामार्गावर दुचाकी घसरून मांडीचं हाड मोडलेला पोरगा, सगळे या नाक्याच्या आसपास येऊन पोचतात. माणकोली–मोठागाव पूल वाहतुकीला खुला झाल्यापासून डोंबिवलीकरांना ही बाजू आणखी जवळ आली आहे. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांच्यासाठी खाडीपलीकडे कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर आहे.

खोलीच्या भाड्यात, गर्दीत आणि एसीच्या गारव्यात या रुग्णालयांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच दिसेल. संध्याकाळी भेटायला आलेला मुलगा कॉटशेजारी बसलेल्या आईला विचारतो, ‘‘फिजिओ येऊन गेल्या का?’’ आई म्हणते, ‘‘हो, सकाळीच.’’ दोघांचंही समाधान होतं. फाईलमध्ये एका ओळीची नोंद असते, बिलात एका सेशनची. काय केलं, किती जमलं, काल जे जमत नव्हतं ते आज जमलं का, हे सहसा कुणी विचारत नाही.

रुग्णालयातली फिजिओथेरपी सुधारायची म्हटलं की व्यवस्थापनाच्या डोळ्यांपुढे नवी यंत्रं येतात आणि रुग्णाच्या घरच्यांना सेशनची संख्या वाढवून हवी असते. दोन्ही मागण्या चूक नाहीत. पण फिजिओथेरपिस्ट दिवसातून फार तर अर्धा तास रुग्णापाशी असते. राहिलेल्या साडेतेवीस तासांत रुग्ण कसा झोपतो, त्याला कोण उठवतं, कुठे धरून उठवतं, तो संडासला चालत जातो की बेडपॅन मागतो, जेवण खुर्चीत घेतो की आडवा पडून, यावर त्याचं शरीर घरी कुठल्या अवस्थेत पोचणार ते ठरतं. माझ्या मते फिजिओथेरपीचा दर्जा या साडेतेवीस तासांत मोजला पाहिजे. या प्रकरणात मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

आधी पडून राहण्याबद्दल. आजारी माणसाने अंथरुणाला पाठ लावावी, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की त्यात काही धोका असेल अशी शंकाही येत नाही. रिचर्ड ॲशर नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी 1947 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. फुप्फुसं, रक्तवाहिन्या, कातडी, सांधे, स्नायू, मूत्राशय, मन, प्रत्येकावर पडून राहण्याचा काय परिणाम होतो ते त्यांनी एकेक करून मांडलं. त्यानंतर 1966 मध्ये अमेरिकेत डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून त्यांची दमछाक मोजली गेली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की त्यांच्या शरीराची श्रम करण्याची क्षमता तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी घटली, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. हे झालं विशीतल्या मुलांचं. 2007 मध्ये सरासरी सदुसष्ट वर्षं वयाच्या बारा निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. यातल्या कुणालाही आजार नव्हता, ऑपरेशन नव्हतं, ताप नव्हता. आपल्या वॉर्डातल्या आजोबांना हे सगळं असतं, वर भूकही नसते.

मग रुग्णालयं रुग्णाला उठवत का नाहीत? एक कारण माणसांची कमतरता. दुसरं कारण कमी बोललं जातं. रुग्ण कॉटवरून किंवा बाथरूममध्ये पडला तर त्याची नोंद होते, चौकशी होते, नातेवाईक भांडतात. एनएबीएच या राष्ट्रीय मानांकनासाठी रुग्णालयांना रुग्ण पडण्याच्या घटनांचा हिशोब ठेवावा लागतो, आणि तो ठेवायलाच हवा. मात्र रुग्णाला आठ दिवस उगाच झोपवून ठेवलं, तर त्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. पडलेला रुग्ण मोजला जातो, पडून राहिलेला मोजला जात नाही. साहजिकच सिस्टरचा कल बाजूचे कठडे वर करून ‘‘काका, उतरू नका हं’’ म्हणण्याकडे असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण ज्याचा हिशोब मागतो, तेच त्या सांभाळतात.

आपल्याकडे फिजिओथेरपीचा व्यवसाय आला तो पोलिओच्या पाठीवरून. फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी त्यांना बरीच वणवण करावी लागली, आणि ती करताना व्यायामाने काय साधतं हे त्यांनी जवळून पाहिलं. 1947 मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्या कामातूनच पुढे हाजीअलीचं मुलांचं अस्थिव्यंग रुग्णालय उभं राहिलं. मुंबईत पोलिओची मोठी साथ येऊन गेली. त्यानंतर 1952-53 च्या सुमारास मुंबई महापालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा काढली. 1955 मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचीही सुरुवात झाली. हाजीअलीच्या वळणावरून जाताना ती संस्था आजही दिसते.

या इतिहासाचा एक परिणाम अजून टिकून आहे, असं मला वाटतं. पोलिओचं मूल महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं उपचारांना यायचं. आईच्या कडेवर बसून ते ‘डिपार्टमेंट’ला यायचं. तिथे समांतर दांड्या होत्या, आरसा होता, गाद्या होत्या. फिजिओथेरपी म्हणजे रुग्णाने जाऊन घ्यायची गोष्ट, हा समज तेव्हापासून रुजला. आज गुडघा बदललेला रुग्ण तीन-चार दिवसांत घरी जातो, दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला तर त्याहून लवकर. एवढ्या दिवसांत डिपार्टमेंटचा रस्ता सापडेपर्यंत डिस्चार्जची वेळ होते. मुक्काम इतका आखडला आहे की आता वॉर्डच डिपार्टमेंट व्हायला हवा. रुग्णालयांच्या इमारती आणि नेमणुका मात्र अजून जुन्या हिशोबानेच चालल्या आहेत. अनेक ठिकाणी फिजिओथेरपिस्टचा सकाळचा सगळा वेळ बाह्यरुग्ण विभागातली मानदुखी-कंबरदुखीची रांग खाते आणि वॉर्डाच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो.

वॉर्डात चांगलं काम म्हणजे काय, हे एका साध्या खेळण्यात पाहता येतं. पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाला प्लॅस्टिकचं एक उपकरण देतात. तीन नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी, बाजूला एक लवचीक नळी. त्याला स्पायरोमीटर म्हणतात. श्वास आत ओढला की पहिली गोळी उचलली जाते, जोर वाढवला की दुसरी, मग तिसरी. नळ्यांवर 600, 900, 1200 असे आकडे छापलेले असतात. सेकंदाला किती घनसेंटिमीटर हवा आत गेली, त्याचे ते आकडे. कुठल्याही वॉर्डात पाच मिनिटं उभं राहा. बरेच रुग्ण त्यात फुंकताना दिसतील. फुग्यासारखे गाल फुगवून जोराने फुंकायचं, गोळी हलली नाही की ‘हे बिघडलंय’ म्हणून लॉकरवर ठेवून द्यायचं. काही जण गोळ्या झटक्यात वर फेकतात आणि शर्यत जिंकल्यासारखे बघतात. खरं तर श्वास सावकाश, खोल ओढायचा असतो, गोळी वर तरंगती ठेवायची असते, मग क्षणभर थांबून सोडायचा असतो. हे कुणीतरी समोर बसून, दोनदा करवून घेऊन शिकवावं लागतं. त्यातही ऑपरेशननंतर शिकवणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. पोट टाके घातलेलं, वेदनाशामकाने डोकं जड, अशा माणसाला काय कळणार?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन रुग्णालयांत याची रीतसर परीक्षा झाली. पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन ठरलेल्या 441 रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. उरलेल्यांना ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने एकदाच, अर्धा तास समोर बसवून श्वासाचे व्यायाम शिकवले आणि शुद्धीवर आल्याबरोबर ते का सुरू करायचे हे समजावलं. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पत्रकवाल्या गटात फुप्फुसांची गुंतागुंत 27 टक्के रुग्णांत झाली, शिकवलेल्या गटात 12 टक्क्यांत. विशेष यंत्र नाही, जास्तीची सेशन्स नाहीत. योग्य वेळी दिलेला अर्धा तास. तो अर्धा तास रुग्णाच्या पुढच्या शेकडो श्वासांना पुरला, कारण नंतरचे व्यायाम रुग्णाने स्वतः केले. ठाण्या-कल्याणातल्या कुठल्याही रुग्णालयाला ही सुधारणा उद्यापासून करता येईल. ॲनेस्थेशियाच्या तपासणीला रुग्ण येतोच. त्याच दिवशी त्याला फिजिओच्या खोलीत पाठवायचं, एवढंच.

पक्षाघाताच्या रुग्णाकडे वळलं की साडेतेवीस तासांचं महत्त्व अधिक कठोरपणे कळतं. झटका आल्यावर पहिल्या दिवसांत लुळा पडलेला हात खांद्यातून अक्षरशः लोंबत असतो. एरवी खांद्याचं हाड खोबणीत धरून ठेवणारे स्नायू तेव्हा गैरहजर असतात. अशा रुग्णाला एक्स-रेला न्यायचं असतं. स्ट्रेचर येतो, वॉर्डातले मामा घाईत असतात, आणि कुणीतरी रुग्णाच्या दोन्ही काखांत हात घालून ‘‘चला आजोबा, एक-दोन-तीन’’ करून वर ओढतं. त्या एका ओढीने खांदा खोबणीतून खाली सरकू शकतो. मग महिनाभर फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी ज्या हातासाठी झटते, तो हात दुखरा होऊन बसतो आणि रुग्ण व्यायामाला हात लावू देत नाही. झोपवताना लुळ्या हाताखाली उशी ठेवायची, बसवल्यावर हात मांडीवरून लोंबू न देता उशीवर ठेवायचा, उठवताना हात न ओढता कमरेला पट्टा बांधून किंवा पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला आधार देऊन उठवायचं. हे शिकायला मावशींना पदवी लागत नाही. लागतो तो पंधरा मिनिटांचा सराव, आणि तो प्रत्येक पाळीतल्या प्रत्येक मावशीला व मामाला मिळावा लागतो. रात्रपाळीचे कर्मचारी कंत्राटी असतील आणि तीन महिन्यांनी बदलत असतील, तर तीन महिन्यांनी पुन्हा. कुठल्याही रुग्णालयाच्या फिजिओथेरपीची परीक्षा घ्यायची असेल तर मी विभागप्रमुखांना भेटणार नाही, रात्री दोन वाजता वॉर्डातल्या मावशी रुग्णाला कूस कशी बदलून देतात ते बघेन.

इथे उत्साही वाचकाला थोडं आवरतो. ‘लवकर उठवा’ हा मंत्रही डोळे झाकून जपायचा नाही. पाच देशांतल्या 56 रुग्णालयांत, 2104 पक्षाघाताच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांपैकी 46 टक्के तीन महिन्यांनी बऱ्यापैकी स्वावलंबी झाले, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार केलेल्यांपैकी 50 टक्के. म्हणजे घाईने नुकसानच झालं. त्याच माहितीचा पुढे बारकाईने अभ्यास केल्यावर दिसलं की थोडा थोडा वेळ, पण वारंवार उठवणं हे एकदाच खूप वेळ उठवण्यापेक्षा चांगलं. अतिदक्षता विभागातही तेच. 2009 मध्ये अमेरिकेतल्या 104 रुग्णांच्या चाचणीत, व्हेंटिलेटरवर असतानाच गुंगी कमी करून व्यायाम सुरू केलेल्यांपैकी 59 टक्के रुग्ण घरी जाताना आपली कामं आपण करू शकत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 35 टक्के होतं. त्यावरून जगभर उत्साहाची लाट आली. 2022 मध्ये 750 रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याहून जास्त जोर लावून पाहिला तर जास्तीचा फायदा दिसला नाही, उलट नाडी-रक्तदाबाच्या तक्रारी वाढल्या. औषधासारखीच व्यायामालाही मात्रा असते, आणि ती ठरवायला शिकलेलं माणूस लागतं.

दुसरी सावधगिरी खास आपल्यासाठी आहे. आपल्या रुग्णालयांत नातेवाईक चोवीस तास असतो, ही आपली श्रीमंती. तेव्हा नातेवाइकांनाच शिकवलं तर फिजिओथेरपिस्टची टंचाई भरून निघेल का? हा प्रश्न भारतातच तपासला गेला. देशातल्या 14 रुग्णालयांत, 1250 पक्षाघाताच्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं, उरलेल्यांवर नेहमीचे उपचार झाले. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत 47 टक्केच. घरच्यांना शिकवल्याने जास्तीचा फायदा झाला नाही, हे या निकालाने उघड केलं. कुणी सरकारी अधिकारी किंवा रुग्णालयाचा मालक ‘घरचे करतील की’ म्हणून पदं भरायची टाळत असेल, तर त्याला हा आकडा दाखवावा. नातेवाईक आणि मावशी हात सुरक्षित ठेवू शकतात, रुग्णाला खुर्चीत बसवू शकतात, शिकवलेला व्यायाम विसरू देत नाहीत. मात्रा कधी वाढवायची, कुठे थांबायचं, चालण्यातली चूक कुठे आहे, हे त्यांच्यावर सोडता येत नाही.

तर मग वॉर्डातल्या सगळ्यांना एकाच दोरीत कसं ओवायचं? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने यासाठी एक मोजपट्टी केली, आणि तिच्या साधेपणामुळे ती मला फार आवडते. आठ पायऱ्या आहेत. नुसतं पडून राहणं ही पहिली, कॉटवरच कूस बदलणं किंवा व्यायाम करणं ही दुसरी, कॉटच्या कडेला पाय सोडून बसणं तिसरी, खुर्चीत जाऊन बसणं चौथी, मिनिटभर उभं राहणं पाचवी, दहा पावलं सहावी, पंचवीस फूट सातवी आणि अडीचशे फूट चालणं आठवी. आज रुग्णाने प्रत्यक्ष जास्तीत जास्त काय केलं त्याचा आकडा सिस्टरने लिहायचा. ‘करू शकेल’ ते मोजायचं नाही, केलं ते मोजायचं. हा आकडा कॉटच्या डोक्याशी असलेल्या फळ्यावर लिहिला की गंमत होते. राऊंडला आलेले सर्जन फाईल उघडायच्या आधी तो बघतात. मुलगा संध्याकाळी आल्यावर ‘येऊन गेल्या का?’ न विचारता ‘काल चार होता, आजही चारच का?’ विचारतो. आजोबाही खुर्चीत बसायचा आळस करायला लाजतात. फिजिओथेरपिस्टला सकाळी वॉर्डात शिरताच कळतं की कोणाकडे आधी जायचं: ज्याचा आकडा दोन दिवस हललेला नाही, त्याच्याकडे. आणि ज्याचा आठ झाला आहे, त्याच्यावरचा अर्धा तास वाचतो. टंचाईच्या ठिकाणी, म्हणजे कळव्यात किंवा रुक्मिणीबाईत, या वाचलेल्या वेळाची किंमत खासगी रुग्णालयापेक्षाही जास्त आहे.

याच्या जोडीला आणखी एक चाचणी पुरते. खुर्ची, तीन मीटरवर जमिनीवर चिकटपट्टीची रेघ, आणि मोबाईलमधलं घड्याळ. रुग्णाने उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. म्हाताऱ्या माणसाला बारा सेकंदांहून जास्त लागले तर घरी पडण्याचा धोका आहे असं समजून तयारी करायची. ही चाचणी 1991 पासून जगभर वापरात आहे आणि तिला लागणारी सामग्री माजिवड्याच्या पंचतारांकित रुग्णालयातही तेवढीच, पालिकेच्या वॉर्डातही तेवढीच.

खासगी रुग्णालयांबद्दल एक कडू गोष्टही बोलायला हवी. तिथे फिजिओथेरपीचे पैसे सेशनप्रमाणे लागतात. जिथे पैसे सेशनला मिळतात तिथे सेशन वाढतात, आणि पंधरा मिनिटं विजेचं यंत्र लावून ठेवलं तरी ते सेशनच. आयएफटीसारखी विजेची यंत्रं, अल्ट्रासाऊंड, शेकाच्या पिशव्या यांना त्यांची जागा आहे. पण यंत्राखाली झोपलेला रुग्ण त्या वेळात चालत नाही, हे तर उघड आहे. दोष यंत्र लावणाऱ्या तरुण मुलीचा क्वचितच असतो. साडेचार वर्षं शिकून आलेल्या त्या मुलीला दिवसाला इतके रुग्ण ‘संपवायचे’ असतात की यंत्र लावून पुढच्या कॉटकडे जाणं हाच तिला मार्ग उरतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांसाठी राज्य परिषद आहे, 2021 चा केंद्राचा कायदाही आला आहे, आणि नावाआधी ‘डॉक्टर’ लावायचं की नाही यावर 2025 च्या सप्टेंबरात दिल्लीतून एक पत्र निघून दुसऱ्याच दिवशी मागेही घेतलं गेलं. वाद रंगला, बातम्या झाल्या. एका फिजिओथेरपिस्टने दिवसात किती रुग्ण पाहावेत, यावर मात्र तेवढी चर्चा कुठे झाली नाही. माझ्या लेखी दर्जाचा खरा प्रश्न तो आहे.

आणि मग डिस्चार्ज. इतके दिवस केलेलं काम बहुतेक वेळा इथेच सांडतं. समजा, डोंबिवली पूर्वेला जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकूंचा खुबा मोडला आणि ऑपरेशन झालं. लिफ्ट नाही. संडास भारतीय पद्धतीचा. वॉर्डाच्या गुळगुळीत फरशीवर वॉकर घेऊन त्या छान चालतात. फाईलमध्ये तसं लिहिलेलंही असतं. पण अँब्युलन्स इमारतीपाशी थांबल्यावर चार शेजारी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेतात, आणि त्यानंतर महिना-दोन महिने काकू खाली उतरतच नाहीत. त्या बऱ्या झाल्या असं म्हणायचं का? भरती होताना पत्ता विचारतात, तेव्हाच मजला आणि लिफ्ट विचारली असती, तर फिजिओथेरपिस्टने जिन्याचा सराव पहिल्या आठवड्यातच धरला असता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, काठी दुखऱ्या पायासोबत: हे शिकायला रुग्णालयाचा आपत्कालीन जिना पुरतो. कमोडची खुर्ची, वॉकरची उंची, पलंगाला ठोकळे लावून वाढवायची उंची, हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या रांगेत आठवून उपयोग नाही.

घरी गेल्यावरचा खंड हा फक्त आपलाच रोग नाही. 2017 मध्ये ब्रिटनमध्ये खुबा मोडलेल्या रुग्णांच्या फिजिओथेरपीची देशव्यापी तपासणी झाली, तेव्हा रुग्णालय सोडल्यापासून घरी फिजिओथेरपी सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे पंधरा दिवस जात असल्याचं निघालं. तिथे ते मोजलं गेलं, म्हणून त्यावर बोलता आलं. आपल्याकडे बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च धरलेला असतो. डॉक्टरांनी फिजिओथेरपीची लेखी शिफारस केली असेल आणि पावत्या नीट असतील, तर त्यात दावा करता येतो का हे विमा कंपनीला विचारावं. कित्येक घरांत हे ठाऊकच नसतं. आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये.

रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी सांगायचं तर, सगळी इमारत एकदम बदलायला जाऊ नका. एक वॉर्ड घ्या, शक्यतो हाडांचा. पंधरा दिवस कुठलीही सुधारणा न करता फक्त रोजचा आकडा लिहा. मग मावशी-मामांना उचलण्याची पद्धत शिकवा, जेवण कॉटवर न देता खुर्चीत द्या, आणि पुढचे पंधरा दिवस पुन्हा आकडा लिहा. फरक पडला तर शेजारच्या वॉर्डात न्या, नाही पडला तर का नाही ते रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा. उत्तर बहुधा त्यांच्याकडेच असतं. कधी ते ‘खुर्चीच नाही’ इतकं साधं असतं.

आणि तुम्ही रुग्णाचे नातेवाईक असाल, तर भरतीच्या पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टना आपल्या घराचा जिना, संडास आणि पलंग कसा आहे ते सांगा. त्या आल्या की बाहेर चहाला जाऊ नका. शेजारी उभे राहा, कसं धरायचं ते विचारा, आणि त्यांच्यासमोर स्वतः एकदा करून दाखवा. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी रुग्णाला त्यांच्यासोबत एक पूर्ण जिना चढवून-उतरवून घ्या. तो झाल्याशिवाय कागदांवर सही करायची घाई करू नका.